चेहरा नसलेला कामगार

पहिल्या महायुद्धानंतर कोलोन शहरातील काही चित्रकारांनी कामगाराचा चेहरा हेतुपुरस्सर पुसून टाकला. फ्रांट्स विल्हेल्म झायवर्ट याच्या १९२५ च्या 'श्रमिक' या चित्रात माणसे आहेत. पण नाक-डोळे नाहीत. साधे, सपाट भौमितिक आकार तेवढे आहेत. माणसाला यंत्राचा सुटा भाग करून टाकणारी ही कला, असा आक्षेप त्यावर सहज घेता येईल. वस्तुतः यंत्राने माणसाचे काय केले, हेच या चित्रकारांना दाखवावयाचे होते. त्यांच्यापैकी हाइनरिख ह्यर्ले याने १९३० मध्ये कृत्रिम अवयव बसविलेल्या माणसांचे 'अज्ञात कृत्रिम अवयवांचे स्मारक' रंगविले. अज्ञात सैनिकांची स्मारके उभारणाऱ्या राष्ट्रांना त्याने दिलेले ते उत्तरच होय.

घामाने निथळणारा, सुरकुतलेला श्रमिक पाहून दिवाणखान्यातील रसिक हळहळतो आणि त्याच्या मजुरीचा प्रश्न मात्र विसरतो. चेहरा गेला की ही सोयीची हळहळही जाते; उरतो तो केवळ संबंध. कोण वर, कोण खाली! रेमशाइड येथील एका कारखानदाराचा मुलगा असलेल्या गेर्ड आर्न्ट्सने १९२७ च्या 'काळाची बारा घरे' या काष्ठमुद्रांमध्ये हा संबंधच कोरला आहे.

त्याची ही काटेकोर रेषा व्हिएन्नातील समाजशास्त्रज्ञ ऑटो नॉइराट याच्या नजरेत भरली. सामान्य नागरिकाला आकडेवारी समजावी, म्हणून नॉइराट तेथे एक संग्रहालय चालवीत होता. त्याचा नियम सोपा होता : संख्या वाढली तर आकृती मोठी करावयाची नाही, तीच आकृती अधिक वेळा काढावयाची. मोठ्या आकाराचे माप डोळ्यांना नीट घेता येत नाही, हे त्यामागील कारण. त्यासाठी हजारदा छापली तरी न बदलणारी मनुष्याकृती हवी होती. १९२९ पासून आर्न्ट्स व्हिएन्नातच राहून लिनोलियमवर अशा आकृत्या कोरू लागला. पुढे त्यांची संख्या सुमारे चार हजारांवर गेली. शालेय पुस्तकांतील लोकसंख्येच्या तक्त्यांत एका ओळीत उभी असणारी छोटी माणसे याच कुळातील आहेत.

या प्रवासात काही हरवलेही. तक्त्यात सर्व माणसे सारख्याच उंचीची असतात. कोणाच्या खांद्यावर कोण उभा आहे, हे तेथे दिसत नाही. आर्न्ट्सच्या काष्ठमुद्रांमधील दाहकता आकडेवारीत विरून गेली, असेच म्हणावे लागेल.

अपवाद एका आकृतीचा. महामंदीच्या काळात आर्न्ट्सला बेकारासाठी चिन्ह हवे होते. त्याने कामगाराच्या हातातील अवजार काढून घेतले, दोन्ही हात खिशात घातले आणि मान किंचित खाली झुकविली. चेहरा त्यालाही नाही.