सम्राटाचा भाट

सालेर्नोजवळच्या एबोली गावचा पिएत्रो लॅटिनमध्ये लिहायचा. सिसिलीचा राजा दुसरा विल्यम ११८९ मध्ये निपुत्रिक वारला आणि गादीवरून लेच्चेचा टँक्रेड व जर्मनीचा सहावा हेन्री यांच्यात जुंपली. हेन्रीची राणी कॉन्स्टन्स ही विल्यमची आत्या. हक्क तिच्या नात्यानं. पिएत्रोनं हेन्रीची बाजू धरली आणि ११९६ च्या सुमारास त्याच्या गौरवार्थ सचित्र काव्य रचलं.

निःपक्षपातीपणाची अपेक्षा इथं ठेवूच नये. बुटक्या टँक्रेडला तो थेट माकडाच्या पंगतीला बसवतो. पण बखरींप्रमाणे इथंही पक्षपात वजा केला की बरंच हाती लागतं, आणि बर्नमध्ये जपलेल्या हस्तलिखितातली चित्रं तर पद्यापेक्षाही सरस आहेत. मरणशय्येवरच्या विल्यमजवळ वैद्य आणि ज्योतिषी आहेत. पालेर्मोच्या दप्तरात ग्रीक, अरबी आणि लॅटिन लेखनिक कामाला बसलेत. सालेर्नोत कॉन्स्टन्स टँक्रेडच्या पक्षाच्या हाती लागते, तो प्रसंगही आहे. तिचा मुलगा, पुढचा सम्राट दुसरा फ्रेडरिक, २६ डिसेंबर ११९४ रोजी येसी इथं जन्मला. आदल्याच दिवशी हेन्रीला पालेर्मोत राज्याभिषेक झाला होता.

बिदागी म्हणून कवीला एबोलीतली एक पाणचक्की मिळाली.

पोझ्झुओलीच्या औषधी उष्ण झऱ्यांवरचं त्याचं दुसरं काव्य अधिक वाचलं गेलं. १५३८ च्या ज्वालामुखी उद्रेकात त्यांतली कित्येक स्नानगृहं गाडली गेली.