नागसेनवनातली लेखनशाळा

१९६७ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पॉल एंगल आणि न्ये हुआलिंग यांनी जगभरच्या लेखकांसाठी आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम सुरू केला. पुढे आपले दिलीप चित्रेही तिथे राहून आले. त्याच साली औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनातून 'अस्मिता' हे नियतकालिक निघालं. वर्षभरात त्याचं नाव 'अस्मितादर्श' झालं. आयोवाच्या पाठीशी एक अख्खं विद्यापीठ होतं. इथे एका प्राध्यापकाच्या पत्त्यावर टपालाने हस्तलिखितं येत होती, आणि ती पाठवणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याआधी काही छापून आणलेलं नव्हतं.

लिहायला शिकवता येतं का, हा प्रश्न मराठीत अधूनमधून रंगतो. मराठवाड्यात तो चर्चेचा नव्हता, गरजेचा होता. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश निजामाच्या राजवटीत होता. उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. मराठी लेखनाला आधार म्हणून १९४३ साली मराठवाडा साहित्य परिषद उभी राहिली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, तेच पुढे नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय झालं. तिथे आलेल्या कित्येक मुलांच्या घरात पुस्तक असं नव्हतंच. या मुलांनी लिहावं कसं, कुणाला पाहून?

उत्तराची सुरुवात रंगमंचावरून झाली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं आणि महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनीच ते उभं केलं. दलित रंगभूमीच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या काही नाटकांत घेतलं जातं. नवख्याला नाटकाइतकं रोखठोक शिकवणारा दुसरा प्रकार नाही. कागदावर भारदस्त वाटलेलं वाक्य नटाच्या तोंडी बसत नाही, हे पहिल्या तालमीतच कळतं.

पुढे प्राचार्य म. ना. वानखेडे आले. अमेरिकेत शिकून आलेल्या वानखेड्यांनी तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचं साहित्य जवळून पाहिलं होतं. दलित तरुणांनी विद्रोही वाङ्मय लिहावं, असं आवाहन त्यांनी केलं. आपल्यासारखंच सोसणाऱ्या माणसांनी दूरदेशी त्यातून साहित्य घडवलं आहे, हे ऐकल्यावर आपलं जगणं लिहिण्याजोगं नाही ही समजूत टिकणं कठीण होतं. नवोदिताला व्याकरणाआधी हा धीर लागतो.

तो धीर छापील पानावर आणण्याचं काम डॉ. गंगाधर पानतावणे यांनी केलं. १९३७ साली नागपुरात जन्मलेले पानतावणे मिलिंदमध्ये आणि नंतर मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी विभागात शिकवत. त्यांचा संशोधनाचा विषय होता डॉ. आंबेडकरांची पत्रकारिता. 'मूकनायक' १९२० साली निघाला, तोच मुळी ज्यांना बोलायला जागा नव्हती त्यांच्यासाठी. ही परंपरा अभ्यासलेल्या माणसाने पुढची सुमारे पाच दशकं 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक चालवलं.

'अस्मितादर्श'ने एकाच साहित्यप्रकाराचा हट्ट धरला नाही. कविता, कथा, आत्मकथन, समीक्षा हे सगळं तिथे शेजारी-शेजारी यायचं, आणि शिकणाऱ्याचा खरा फायदा यातच होता. नवोदिताची पहिली कविता बहुतेक वेळा घोषणा असते. संताप खरा असतो, पण चित्र उमटत नाही. कथेत घोषणेवर भागत नाही. माणूस कुठे उभा आहे, त्याच्या हातात काय आहे, समोरचा काय बोलला, हे सांगावंच लागतं. समीक्षा लिहिताना दुसऱ्याच्या लेखनातला फुगवटा दिसतो आणि मग स्वतःचाही दिसू लागतो. आज कविता लिहिणारा उद्या परीक्षण लिहितो, तेव्हा त्याची पुढची कविता बदलते.

आत्मकथनाचं उदाहरण तर याच परिसरातलं आहे. उदगीरकडच्या खेड्यातून नागसेनवनात शिकायला आलेल्या आणि पुढे तिथेच शिकवणाऱ्या प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली आलं. सलग जीवनपट मांडण्याऐवजी सुट्या आठवणी, एकेका प्रसंगापुरतं एकेक प्रकरण आणि बोलीतलं निवेदन, अशी त्याची घडण आहे. चारशे पानांच्या कल्पनेनेच गांगरणाऱ्या नवख्याला याहून चांगला धडा नाही. एक प्रसंग नीट लिहायचा, मग दुसरा.

छापून आलेलं वाचतं कोण, हेही लेखकाला दिसावं लागतं. त्यासाठी 'अस्मितादर्श'ने लेखक-वाचक मेळावे भरवले. संमेलनात लेखक व्यासपीठावर आणि वाचक खुर्चीत, अशी विभागणी असते. इथे आजचा वाचक उद्याचा लेखक असणार, हे धरूनच मांडणी होती. २००९ साली अमेरिकेत सॅन होजे इथे झालेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद पानतावण्यांना मिळालं, २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचं निधन झालं.

याच शहरात नाटकाची दुसरी शाळा होती ती विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आणि हौशी मंडळी. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था इथलीच. दळवींचं 'चारचौघी' १९९१ साली मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर गाजलं. पण त्यामागे औरंगाबादेत एकमेकांसाठी लिहिणं, बसवणं, पाडणं आणि पुन्हा लिहिणं होतं.

आता लेखन कार्यशाळांना तोटा नाही. दोन दिवसांचं शिबिर, चार व्याख्यानं, प्रमाणपत्र, समूहछायाचित्र. त्यातून उत्साह मिळतो, लेखक क्वचितच घडतो, कारण तिसऱ्या दिवशी लिहिलेलं पाठवायचं कुठे, हे कुणी सांगत नाही. महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी शिबिराच्या खर्चातला अर्धा वाटा बाजूला काढावा. त्यातून वर्षाला चार अंक काढावेत, ते शक्य नसेल तर निदान दर महिन्याला भित्तिपत्रक लावावं. त्याला संपादक असा नेमावा, जो आलेलं लेखन वाचून सुधारणेसाठी परत पाठवेल आणि सुधारून आलेलं छापेल.