गावाचा पक्ष आणि राधेचा पक्ष

दिवाळीच्या सुटीत श्रीपूरला मामाकडे जायचे, हा आमच्या लहानपणीचा ठरलेला कार्यक्रम. सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातले हे गाव म्हणजे साखर कारखान्याचे गाव. 1934 साली चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथलाच. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू झालेला असे. उसाच्या गाड्यांची रीघ, मळीचा आंबूस वास, पाळी बदलली की भोंगा; आणि या सगळ्यात ओळीने उभी असलेली कॉलनीतली घरे.

कॉलनीची एक गंमत असते. तिथे सगळेच परगावचे. कोणी कोकणातले, कोणी पुण्याकडचे, कोणी माणदेशातले. शेजारच्या घरी आज काय शिजले ते वासावरून कळते; पण शेजारी आपल्या गावी काय मागे टाकून आला आहे, ते वर्षानुवर्षे कळत नाही. म्हणूनच की काय, गावच्या झाकल्या गोष्टी सांगणारे पुस्तक आले, की कॉलनीत खळबळ उडे. 1969 सालच्या दिवाळीत असे पुस्तक हातोहात फिरत होते: श्री. ना. पेंडसे यांचे 'गारंबीचा बापू'.

पुस्तक तसे नवे नव्हते. ते 1952 साली आले होते. पण मधल्या काळात त्याचे नाटक झाले, काशीनाथ घाणेकरांचा बापू गाजला, आणि ज्यांनी नाटक पाहिले नव्हते त्यांना पुस्तक तरी वाचलेच पाहिजे असे वाटू लागले. एक प्रत, पंधरा घरे. आमच्या मामींचा नंबर वसुबारसेला लागला.

जुन्या वाचकांना कथा ठाऊकच आहे. नव्यांसाठी दोन शब्द. गारंबी हे कोकणातले गाव. तिथे अण्णा खोतांचा शब्द म्हणजे कायदा. त्या गावात बापू नावाचा गरीब ब्राह्मणाचा मुलगा वाढतो. कुणाला न जुमानणारा, उनाड म्हणून ओवाळून टाकलेला. चहाचे हॉटेल चालवणाऱ्या राधेशी त्याचे सूत जमते. गाव त्यांना नावे ठेवते, वाळीत टाकू पाहते. आणि बापू सुपारीच्या व्यापारात पैसा करून त्याच गावासमोर ताठ उभा राहतो.

एवढ्यावरून आमच्या मामांच्या ओसरीवर दोन पक्ष पडले.

गावाचा पक्ष

पहिल्या पक्षाची पुढारी आजी. ती दापोलीकडची. पेंडसे 1913 साली दापोलीजवळच्या मुर्डीत जन्मले, हे कुणीतरी तिला सांगितले मात्र, आजीचा पारा चढला. "म्हणजे आमच्याकडचाच की हा! मग हे शोभलं का त्याला? चार घरांत कुठे काय वाकडं घडतंच. ते काय छापून आणायचं?" पुस्तकात गावाचे नाव बदलले आहे, माणसे कल्पनेतली आहेत, असे आईने सांगून पाहिले. आजी म्हणाली, "नाव बदललं म्हणून गाव बदलतं होय?"

मामा याच पक्षाचे. ते कारखान्यात केमिस्ट; स्वभावाने शांत, पण या विषयावर चिडत. त्यांचे म्हणणे, गाव म्हणजे एक कुटुंब. कुटुंबाने काही गोष्टी पोटात घालायच्या असतात. लेखक मुंबईत 'बेस्ट'मध्ये नोकरी करणार आणि अब्रू मात्र मागे राहिलेल्यांची जाणार, हा कुठला न्याय? समोरच्या घरातले निवृत्त मास्तरही त्यांच्या बाजूचे. त्यांना काळजी मुलांची. बापूसारखा मुलगा नायक झाला, तर आमच्या मुलांनी पाढे कशाला पाठ करायचे?

राधेचा पक्ष

दुसऱ्या पक्षात मामी, शेजारच्या दोन काकू आणि माणदेशातला एक तरुण स्लिपबॉय. तो फराळाला येई आणि ओसरीच्या कडेला बसून ऐके. एकदा न राहवून म्हणाला, "आमच्याकडंबी असंच हाय की. नाव काढलं तर मारतील, पर ठावं सगळ्यांला हाय." शेजारच्या काकूंना राधा आवडली, कारण ती रडत बसत नाही.

पण खरा मुद्दा मामींनी काढला. चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, "मला एक सांगा. पुस्तकात असं एक तरी काही आहे का, जे त्या गावाला आधी माहीत नव्हतं?"

कुणाजवळ उत्तर नव्हते. गावची गुपिते ही बहुधा गुपिते नसतातच. ती विहिरीवर सगळ्यांना ठाऊक असतात, पारावर सगळ्यांना ठाऊक असतात. फक्त ती बोलायची कुणी आणि कुणासमोर, याचे नियम ठरलेले असतात. कादंबरीकार तो नियम तेवढा मोडतो.

मोठेपणी वाचन वाढले तेव्हा कळले, की हा तंटा काही आमच्याच ओसरीवर झाला नव्हता. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला आणि शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातले कुणीतरी उघड लिहिले म्हणून महाराष्ट्र हादरला. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. ही बाई कोण, यावरच लोकांनी आकाशपाताळ एक केले. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. त्यांचा जन्म घोडनदीचा, म्हणजेच शिरूरचा. स्वतःचे नाव लपवले, पण गावाचे नाव मात्र टोपणनावात ठेवले! आणि ज्यांना ते लेखन भावले, त्यांनी 'हे माझ्याच मनातले' म्हणून ते जपले.

याच मालतीबाईंचा सोलापूरशी निकटचा संबंध. सोलापुरात इंग्रज सरकारने 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींची वसाहत होती. माणसे तारेच्या कुंपणाआड, हजेरीला बांधलेली. मालतीबाईंनी तिथे अधिकारी म्हणून काम केले आणि त्या अनुभवातून 1950 साली 'बळी' ही कादंबरी लिहिली. ते कुंपण काही लपलेले नव्हते. पण कुंपणाआडची माणसे पुस्तकाच्या पानांत आली, तेव्हा कुठे ती अनेकांच्या घरात पोचली. जमातींवर जन्मतःच शिक्का मारणारा तो कायदा 1952 साली देशातून गेला. पुढे 1987 मध्ये लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' लिहून तेच जगणे आतून, स्वतःच्या नावानिशी सांगितले. पूर्वी दुसऱ्या कुणी सांगावी लागणारी गोष्ट आता ज्याची त्याने सांगितली.

सातासमुद्रापलीकडेही हेच. 1956 साली अमेरिकेत ग्रेस मेटॅलिअस या बाईंची 'पेटन प्लेस' ही कादंबरी निघाली. एका लहान गावाच्या बंद दारांमागे काय चालते, याची ती कथा. लाखो प्रती खपल्या, आणि ती राहत होती त्या गिल्मंटन गावाने तिच्याशी उभा दावा मांडला. नवऱ्याची शाळेतली नोकरी गेली, तिचा संबंधही लोकांनी पुस्तकाशीच जोडला. कादंबरीतला सर्वांत भयंकर प्रसंग, घरातल्याच पुरुषाने मुलीवर केलेला अत्याचार आणि तिच्या हातून झालेला त्याचा खून, हा त्याच गावातल्या खऱ्या घटनेवर बेतलेला होता. गावाचा राग ती गोष्ट लिहिणाऱ्या बाईवर निघाला. त्या मुलीवर इतकी वर्षे घरात काय गुदरत होते, हे आपण आधी कसे पाहिले नाही, हा प्रश्न मागेच राहिला.

माझ्या मते, वाचकांचे दोन पक्ष पडतात ते इथे. वाद पुस्तक सभ्य की असभ्य, असा दिसतो. पण तो असतो, गुपित कुणाच्या मालकीचे, याचा. गावाच्या की जिने ते सोसले तिच्या? गावाच्या पक्षातही काही तथ्य आहे. शेजाऱ्याची फजिती विकून पैसे करणारी पुस्तके असतात, आणि त्यांत ज्या माणसाची गोष्ट सांगितली जाते ते आणखीच उघड्यावर पडते. म्हणून अशी कादंबरी हाती आली, की मी एवढेच पाहतो: पुस्तक मिटताना त्या माणसाविषयी माझ्या मनात हसू आहे, की त्याच्या जागी उभे राहण्याची इच्छा?

हे शहाणपण मात्र पुस्तकांनी शिकवलेले नाही. ते त्याच दिवाळीत, मामांच्या घरी मिळाले.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पुन्हा वाद रंगला. मामा म्हणाले, "राधेसारख्या बाईला घरात घेणारं एक तरी घर दाखवा." आई दिवे विझू नयेत म्हणून पणत्यांत तेल घालत होती. मागे न वळता ती म्हणाली, "दादा, आपल्या घरी नव्हती का राधा?"

सगळे गप्प झाले. आम्हा मुलांना तोवर एकच मावशी ठाऊक होती. त्या रात्री कळले, की आणखी एक आहे. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी आली. 1955 साली तिने एका परजातीच्या शिक्षकाशी लग्न केले. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने 1856 सालीच मान्यता दिली होती. पण गावाने आमच्या आजोबांच्या घरी पाणी पिणे सोडले, आणि आजोबांनी तिच्या नावाने आंघोळ केली. तिची पत्रे येत; ती न फोडताच परत जात. गेली अकरा वर्षे ती पंढरपुरात होती. श्रीपूरपासून एस. टी.च्या एका तिकिटावर. मामा त्या वाटेने आषाढीला जाऊन आले होते, तिच्या दारी नव्हे.

भाऊबीजेच्या सकाळी आईने ताट केले, पण मामांना ओवाळले नाही. "माझी ओवाळणी संध्याकाळी घेईन. आधी तिकडे जाऊन या." मामा बराच वेळ पाटावर बसून राहिले. मग उठले, कोट घातला, चपला पायात सरकवल्या. आजी माजघरातून बाहेर आली. तिने त्यांच्या हातात करंज्यांचा डबा दिला आणि एवढेच म्हणाली, "रिकाम्या हातानं जाऊ नये."

आजीने ते पुस्तक शेवटपर्यंत वाचले नाही. मावशी पुढच्या उन्हाळ्यात श्रीपूरला आली, आणि आजी तिच्याशी पहिल्या दिवशी फक्त लोणच्याच्या मिठाबद्दल बोलली. मी बरीच मोठी झाल्यावर एकदा मावशीला त्या पुस्तकाविषयी विचारले. ती म्हणाली, "मी वाचलं होतं तुमच्या आधी. लग्नानंतर वर्षभरातच, यांच्या शाळेच्या वाचनालयातून आणून. वाटलं, तुम्हीही वाचाल कधीतरी. मग पत्र येईल."

मामांनी आपले मत कधीच बदलले नाही. कुणी विचारले तर ते सांगत, पुस्तक चांगले नाही, घरात ठेवण्यासारखे नाही. आणि दर भाऊबीजेला पंढरपूरची सकाळची एस. टी. धरत.