‘हॅव्ह’ आणि ‘असणे’ : एका इंग्रजी क्रियापदाचा मराठी संसार

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणारा लेखक ज्या शब्दांशी अडतो, ते शब्द बहुधा अवघड नसतात. अवघड शब्दासाठी तो कोश उघडतो, दोन पर्याय तोलून पाहतो आणि पुढे जातो. त्याला खरोखर दगा देतात ते शाळेच्या पहिल्या वर्षी पाठ झालेले शब्द. ‘हॅव्ह’ हे त्यांपैकी एक प्रमुख क्रियापद होय. ‘हॅव्ह म्हणजे जवळ असणे’ हे समीकरण आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच आत्मसात केले. परीक्षेपुरते ते पुरेसे होते. परंतु साहित्याच्या भाषांतरात ते पदोपदी खोटे ठरते. ते खोटे का ठरते, याचा विचार केला म्हणजे इंग्रजीविषयी थोडे आणि मराठीविषयी बरेच काही हाती लागते.

या क्रियापदाचा पूर्वेतिहास पाहण्यासारखा आहे. प्राचीन इंग्रजीतील ‘हॅबन’ हे त्याचे रूप. त्याचे मूळ पकडणे, हस्तगत करणे या अर्थाच्या धातूकडे जाते. लॅटिनमधील ‘कापेरे’, म्हणजे धरणे, हे त्याचे सगोत्र. उलट, दिसायला जुळा भाऊ वाटणारा लॅटिन ‘हाबेरे’ मात्र व्युत्पत्तीने त्याचा कोणीच लागत नाही. मुठीत धरण्यापासून निघालेला हा शब्द कालांतराने इतका सैल झाला, की आज त्या मुठीत काहीही मावते. इंग्रज माणसाला घर ‘असते’, भाऊ ‘असतो’, ताप ‘असतो’, धैर्य ‘असते’, शंका ‘असते’. तो चहा, स्नान, भांडण आणि विश्रांती यांनाही हेच क्रियापद लावतो. कायदेशीर मालकी नेमकेपणाने सांगावयाची असेल, तेव्हा तो ‘ओन’ किंवा ‘पझेस’ म्हणतो. म्हणूनच ‘हॅव्ह’ या शब्दाला पुष्कळ अर्थ आहेत असे म्हणण्यापेक्षा, त्याला स्वतःचा असा अर्थ फारच थोडा उरला आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. कर्त्याचा पुढील वस्तूशी काही संबंध आहे, एवढेच तो सांगतो. संबंध कोणता, हे ती वस्तूच ठरविते.

मराठीत असे क्रियापद नाही. आपण ‘असणे’ या एकाच धातूवर काम भागवितो आणि संबंधाचा प्रकार विभक्तीवर व शब्दयोगी अव्ययावर सोपवितो. ‘मला दोन भाऊ आहेत’ येथे जन्माने लाभलेले नाते आहे आणि त्याला चतुर्थी लागते. ‘हे शेत माझे आहे’ येथे हक्क आहे. तेथे षष्ठी येते. ‘माझ्याजवळ पाच रुपये आहेत’ यात हाताशी असणे आहे. ते पाच रुपये उसने आणलेलेही असू शकतील. ‘त्याच्या अंगी धैर्य आहे’ येथे माणूस हा गुणाचा मालक नसून त्याचे वसतिस्थान आहे. आणि जे आपल्यावर येऊन कोसळते, त्यासाठी तर ‘असणे’ही पुरत नाही. ताप येतो, सर्दी होते, भीती वाटते, कल्पना सुचते, स्वप्न पडते. या साऱ्या ठिकाणी इंग्रजी ‘हॅव्ह’ खुशाल चालतो. मराठी मात्र बोलणाऱ्याला थांबवून विचारते : हे तुझे आहे, तुझ्यापाशी आहे, तुझ्यात आहे, की तुला झाले आहे?

भाषांतरकाराची खरी कसोटी येथे लागते. एखाद्या इंग्रजी कथेत एका स्त्रीविषयी ‘शी हॅज अ चाइल्ड’ एवढेच म्हटले आहे असे समजू. ‘तिला एक मूल आहे’ म्हटले, तर ती आई झाली. ‘तिच्याजवळ एक मूल आहे’ म्हटले, तर ते कोणाचेही असू शकेल. इंग्रजी लेखकाने जे मोघम ठेवले, ते मराठी लेखकाला ठरवावेच लागते. आणि ठरविण्यासाठी पुढची पाने वाचावी लागतात. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मध्ये, चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात, बायकामुलांच्या हत्येची वार्ता ऐकलेला मॅक्डफ ‘त्याला’ मुले नाहीत अशा अर्थाचे एक लहानसे वाक्य बोलतो. ‘तो’ म्हणजे कोरडे सांत्वन करणारा माल्कम, की ज्याच्यावर तोलामोलाचा सूड घेताच येणार नाही असा मॅक्बेथ, याविषयी टीकाकारांत जुना वाद आहे. सर्वनामाची ही संदिग्धता मराठीत जशीच्या तशी उतरविता येते. परंतु क्रियापदाच्या बाबतीत मराठी सवलत देत नाही. ‘त्याला मूलबाळ नाही’ या शब्दांत त्या बापाचा सगळा आकांत मावतो. ‘त्याच्याजवळ मुले नाहीत’ म्हणताच मुले आजोळी गेली असावीत असे वाटू लागते आणि शोकांतिका जागच्या जागी कोसळते.

हेच क्रियापद जेव्हा साहाय्यक होऊन येते, तेव्हा आणखी एक मौज दिसते. ‘मी पत्र लिहिले आहे’ हे इंग्रजीत ‘हॅव्ह’च्या आधाराने सांगतात. मुळात त्या रचनेचा भाव ‘लिहिलेले असे पत्र मी बाळगून आहे’ असा होता. प्राचीन इंग्रजीत त्यातील धातुसाधित कधी कधी कर्माप्रमाणे बदलतही असे. इंग्रजीने ती खूण पुसून टाकली. मराठीने मात्र ‘रामाने पोथी लिहिली आहे’, ‘रामाने ग्रंथ लिहिला आहे’ या कर्मणि रचनेत कर्माचा मान आजही राखला आहे. पुढे, ‘आय हॅव्ह टु गो’ हे वाक्य घ्या. ‘मला जायचे आहे’, ‘मला गेले पाहिजे’, ‘मला जावे लागणार’, ‘मला जाणे भाग आहे’ या चार वाक्यांत इच्छेपासून सक्तीपर्यंतच्या चार पायऱ्या आहेत. इंग्रजी वाक्याचा कल अर्थातच सक्तीकडे आहे. परंतु ती सक्ती परिस्थितीची, कर्तव्याची की नाइलाजाची, हे पात्राच्या स्वभावावरून ठरवावे लागते. आणखी एक जोडी पाहावी. ‘ही हॅड हिज हेअर कट’ आणि ‘ही हॅड हिज पॉकेट पिक्ड’ या दोन वाक्यांची ठेवण एकच. पण पहिल्यात त्याने केस कापून घेतले आणि दुसऱ्यात त्याचा खिसा कापला गेला. एकात तो कर्ता आहे, दुसऱ्यात भोक्ता. इंग्रजीने दोघांना एकाच आसनावर बसविले. मराठीला त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र पाट मांडावे लागतात.

हा स्वभाव एकट्या मराठीचा नाही. हिंदीत ‘उसके दो भाई हैं’, ‘उसके पास पैसे हैं’ आणि ‘उसे बुखार है’ अशी तीन वेगळी रूपे होतात. तमिळ आणि कन्नड या भाषांचे कूळ निराळे; तरी ‘एनक्कु’ आणि ‘ननगे’ ही त्यांची चतुर्थीची रूपे आपल्या ‘मला’चेच काम करतात. बंगालीत तोच भार ‘आमार’ ही षष्ठी वाहते. संस्कृतात तर हा विचार व्याकरणानेच सूत्रबद्ध केला आहे. ‘गोमान्’, ‘धनवान्’ यांतील प्रत्यय कोणत्या अर्थी येतो, हे सांगताना पाणिनी (५.२.९४) ‘ते त्याचे आहे’ अथवा ‘ते त्याच्यात आहे’ अशीच फोड करतो, बाळगण्याची क्रिया तो मध्ये आणतच नाही. एम. बी. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची कल्पना मांडली. पुढील अभ्यासकांनी अनुभव घेणाऱ्याला चतुर्थी लावण्याची ही रीत त्या क्षेत्राच्या खुणांत गणली. एमिल बेन्व्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली दाखवून दिले, की जगातील अनेक भाषांचे ‘हॅव्ह’वाचून काही अडत नाही, त्यांच्या दृष्टीने ‘हॅव्ह’ हे उलट्या दिशेने पाहिलेले ‘असणे’च होय.

यावरून काही विचारवंत फार मोठी उडी घेतात. एरिक फ्रॉम यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘टु हॅव्ह ऑर टु बी?’ या ग्रंथात या क्रियापदाच्या उदयाचा संबंध खाजगी मालमत्तेशी जोडला आहे. भारतीय वाचकाने हे विधान सावधपणे घ्यावे. ज्या संस्कृत भाषेत ‘हॅव्ह’ला नेमका प्रतिशब्द नाही, त्याच भाषेत ‘मिताक्षरा’ आणि ‘दायभाग’ या ग्रंथांनी पुत्राचे स्वत्व जन्मापासून की पित्याच्या पश्चात, याचा केवढा खल केला! आणि ज्या मराठीत हे क्रियापद नाही, तिच्यातच वतनांचे तंटे पिढ्यान् पिढ्या चालले. व्याकरणाने कोणी निर्लोभ होत नाही. भाषेच्या रचनेतून समाजाची नीती काढणे मोहक असले, तरी धोक्याचे आहे.

मग यात आपले काही पणाला लागले आहे काय? लागले आहे, पण ते नीतीच्या नव्हे, भाषेच्या क्षेत्रात. अलीकडच्या मराठी गद्यात, विशेषतः घाईने केलेल्या भाषांतरांत, ‘कडे’ हे एकच अव्यय ‘हॅव्ह’चा मुखत्यार बनू पाहत आहे. ‘त्याच्याकडे पर्याय नव्हता’, ‘तिच्याकडे सुंदर आवाज आहे’, ‘माझ्याकडे एक कल्पना आहे’ अशी वाक्ये सर्रास दिसतात. त्याला गत्यंतर नव्हते, तिचा गळा गोड आहे, मला एक कल्पना सुचली आहे, हे सांगण्याची सोय मराठीत असताना सगळे काही एकाच कोठीत का ढकलावे? ‘कडे’ हा शब्द वाईट नाही. ‘किल्ल्या त्याच्याकडे आहेत’ हे चोख मराठी आहे. परंतु किल्ली, गळा आणि कल्पना या तिन्ही गोष्टी माणसाशी एकाच प्रकारे जोडलेल्या नसतात, हे मराठी जाणते. ती जाण आपण होऊन टाकून देण्याचे कारण नाही.

याचा अर्थ परभाषेच्या संपर्काला दारे बंद करावी असा नव्हे. मार्टिन लूथर किंग (धाकटे) यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे केलेल्या भाषणात स्वप्नाचा जो पुनःपुन्हा उच्चार केला, तो मराठीत आणताना ‘मला स्वप्न पडले आहे’ म्हणून चालणार नाही. ते झोपेतले स्वप्न नव्हे. ‘माझे एक स्वप्न आहे’ ही षष्ठी मराठीने अशा गरजेतून जवळ केली आणि ती आता परकी वाटत नाही. याहून सुंदर उदाहरण समाजवादी लेखनातले आहे. इंग्रजीत श्रीमंत आणि दरिद्री वर्गांना याच क्रियापदावरून नावे पडली. ती मराठीत आणताना कोणी ‘धारक’ आणि ‘अधारक’ असे लटके शब्द रूढ केले नाहीत. मराठीने म्हटले : ‘आहे रे’ आणि ‘नाही रे’. त्या ‘रे’मध्ये एका माणसाने दुसऱ्याला घातलेली साद आहे, आणि ती इंग्रजी शब्दांत नाही. कोशातील पहिला प्रतिशब्द बाजूस ठेवून, आपली भाषा तो संबंध कसा पाहते हे विचारले, म्हणजे असे शब्द सापडतात. ‘हॅव्ह’ समोर आला, की भाषांतरकाराने प्रथम एवढाच प्रश्न करावा : कोणाचे, कोणापाशी, कोणात, की कोणाला? उत्तर मिळाले, की विभक्ती आपोआप येते.