लोखंडाचें वजन घरच्या घरीं काढण्याची रीत

आपला कापूस किंवा सोयाबीन काट्यावर चढतें तेव्हां शेतकरी डोळ्यांत तेल घालून उभा राहतो. परंतु तोच शेतकरी गोठा, फाटक किंवा कांदाचाळ यांसाठीं लोखंड घेतो, तेव्हां दुकानदार कागदावर मांडील तें वजन मुकाट्यानें मान्य करतो. वास्तविक तें वजन मोजपट्टी व साधा गुणाकार यांनीं कोणासही काढतां येतें.

ही गोष्ट आम्ही ठेंच लागल्यावर शिकलों. महसूल खात्याच्या नोकरींत आम्हीं दुसऱ्यांच्या जमिनीचे गुंठे काटेकोर मांडले. पण निवृत्तीनंतर स्वतःचा गोठा बांधतांना ५० मिलिमीटर चौरस व २ मिलिमीटर जाडीचे ३० पाइप न मोजतां घेतले. बिल ५४० किलोंचें झालें, तें चुकतें केलें. जोडकाम व रंग झाल्यावर उरलेला एक तुकडा मुलानें व्हर्निअरनें मोजला, तों जाडी १.६ मिलिमीटर भरली! हिशेब केला, तर माल ४३८ किलोंचाच होता. शंभरांवर किलोंचे पैसे फुकट गेले. दुकानदार म्हणाला, "जोडलेला माल परत कसा घेऊं?" आमच्या हातीं पुरावा उरला नव्हता. शिवाय पातळ पाइपांवर छपराचा भार निभेल कीं नाहीं या चिंतेनें पावसाळ्यापूर्वीं जादा टेकू द्यावे लागले, तो खर्च वेगळाच.

आतां रीत सांगतों. एक घनमीटर पोलादाचें वजन ७८५० किलो धरतात. म्हणून एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मिलिमीटर जाड पत्र्याचें वजन ७.८५ किलो होतें. हा एक आंकडा पाठ केला म्हणजे बाकीचें त्यांतूनच निघतें.

चौकोनी पाइप म्हणजे दुमडलेला पत्राच होय. ५० मिलिमीटरच्या चार बाजू मिळून २०० होतात. कोपऱ्यांत जाडी दुहेरी मोजली जाते म्हणून जाडीची चौपट, म्हणजे ८, वजा करावी. राहिले १९२ मिलिमीटर, म्हणजे ०.१९२ मीटर. यास ७.८५ नें व जाडी २ नें गुणिलें असतां मीटरास ३.०१ किलो येतात. पाइप ६ मीटरांचा असतो. तेव्हां एका पाइपाचें वजन सुमारें १८ किलो. जाडी १.६ असेल तर तेंच वजन १४.६ किलोंवर येतें.

अँगलची रीतही हीच. ५० × ५० × ५ च्या अँगलांत दोन बाजूंची बेरीज १००. त्यांतून जाडी एकदां वजा करून ९५. ०.०९५ × ७.८५ × ५ केल्यास ३.७३ किलो येतात. आंतील कोपरा किंचित् भरीव असल्यामुळें कोष्टकांत ३.८ किलो दिलेले असतात.

गोल सळईची रीत याहून सोपी. व्यासाच्या मिलिमीटरांचा वर्ग करून १६२ नें भागावें. १२ मिलिमीटरची, म्हणजे बाजारांतील चार सुती, सळई मीटरास ०.८९ किलो भरते. १२ मीटरांची अखंड सळई १०.७ किलो.

मात्र थोडा फरक दिसतांच दुकानदारास लबाड म्हणूं नये. भारतीय मानक आय. एस. १७८६ प्रमाणें १२ मिलिमीटरच्या सळईच्या वजनांत शेंकडा ५ पर्यंत कमीजास्त चालतें. आमच्या पाइपांत तूट शेंकडा १९ होती, ती मात्र क्षम्य नव्हे.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. खांब ३.२ मीटरांचा ठरविला, तर ६ मीटरांच्या पाइपांतून एकच निघतो व २.८ मीटर उरतात. उंची ३ मीटरांहून किंचित् कमी ठेविली, तर दोन निघतात. दहा खांबांस दहांऐवजीं पांच पाइप पुरतात. म्हणून आधीं नकाशा, मग तुकड्यांची यादी, मग वजन आणि सर्वांच्या शेवटीं दर, असा क्रम ठेवावा.

माल उतरण्यापूर्वीं जाडी मोजावी. सांध्यावर किंवा कापाच्या कंगोऱ्यावर न मोजतां बाजूला मोजावी. बिलावर नग, लांबी, जाडी व वजन हीं चारही लिहून घ्यावीं. शक्य असल्यास भरलेली व रिकामी गाडी काट्यावर घालावी. ज्या दक्षतेनें आपण धान्य विकतों, त्याच दक्षतेनें लोखंड घ्यावें. कापण्यापूर्वीं एक घटका मोजमापांत घालविली, तर मागाहून आमच्यासारखा पश्चात्ताप करण्याची पाळी कोणावरही येणार नाहीं.