नाकावाटे जाणारे पाणी

पाण्याची चिंता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येते ते तोंड आणि पोट. पटकी, विषमज्वर, आव हे रोग पाण्यातून पोटात जातात, म्हणून आपण पाणी गाळतो, उकळतो, त्यात तुरटी फिरवतो. हे योग्यच आहे. परंतु पाण्यातील एक शत्रू असा आहे की, तो पोटात गेला तर काहीच करीत नाही. नाकात गेला तर मात्र माणसाला बहुधा वाचू देत नाही. त्याची ओळख आज आपण करून घेऊ.

अमीबा हे नाव आपल्या परिचयाचे आहे ते आवेमुळे. तो अमीबा माणसाच्या आतड्यात आपला संसार थाटतो. आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते अमीबा स्वतंत्र वृत्तीचे आहेत. तळी, नद्या, विहिरी, ओली माती हे त्यांचे घर आणि तेथील सूक्ष्म जंतू हे त्यांचे अन्न. माणसावाचून त्यांचे काहीच अडत नाही. म्हणून त्यांना मुक्तजीवी अमीबा म्हणतात. त्यांच्या पुष्कळ जाती आहेत आणि बहुतेक निरुपद्रवी आहेत.

रोग करणाऱ्या थोड्या जातींत सर्वांत घातक ती नेग्लेरिया फाउलेरी. आकार मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढा. उन्हाने तापलेले गोडे पाणी तिला मानवते. ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यातही ती वाढते. परिस्थिती पालटली की तिला दोन शेपट्या फुटतात आणि ती पोहू लागते. फार थंडी पडली की स्वतःभोवती कोष करून ती पडून राहते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मात्र ती आढळत नाही.

हा जीव मेंदूपर्यंत पोचतो कसा? नाकाच्या माथ्याशी चाळणीसारखे एक पातळ हाड असते. त्याच्या छिद्रांतून वास ओळखणारे तंतू थेट मेंदूकडे जातात. सूर मारताना किंवा बुडी घेताना पाणी नाकात वरपर्यंत शिरले, तर अमीबा त्याच वाटेने चढतो. तळ्यात तो जंतू खाऊन जगत होता. येथे तो मेंदूच्या पेशी खाऊ लागतो. १ ते १२ दिवसांत डोकेदुखी, ताप, ओकाऱ्या सुरू होतात. मग मान ताठते, भ्रम होतो आणि पुढे सरासरी ५ दिवसांत मृत्यू येतो. हा रोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही.

याचा पहिला उलगडा झाला तो ऑस्ट्रेलियात. अॅडिलेड येथील माल्कम फाउलर आणि रॉडनी कार्टर या वैद्यकशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये अशा चार मृत्यूंची हकीकत प्रसिद्ध केली. फाउलर यांचेच नाव पुढे या जातीला मिळाले. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष भागात मरे नदीचे पाणी जमिनीवरून टाकलेल्या लांबच लांब नळांतून गावोगाव जाते. उन्हाने नळ तापत, पाणी तापे, आणि आरंभी घातलेला क्लोरीन शेवटच्या गावी पोचेपर्यंत संपून जाई. म्हणजे अमीबाला लागते ते सारे नळातच तयार! उपाय साधाच झाला. पाण्याची नियमित तपासणी सुरू झाली आणि शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन टिकेल अशी व्यवस्था झाली. त्या प्रांतात शेवटचा रुग्ण नोंदला गेला तो १९८१ मध्ये.

आता प्रमाणाची गोष्ट. रोग अतिशय विरळ आहे. अमेरिकेत १९६२ ते २०२४ या काळात १६७ रुग्ण नोंदले गेले. पण त्यांतले वाचले अवघे ४. आपल्या देशात केरळात अलीकडे असे रुग्ण बरेच आढळले. २०२४ मध्ये तेथील कोळिकोड जिल्ह्यात १४ वर्षांचा एक मुलगा बरा झाला, कारण रोग लवकर ओळखला गेला आणि काळ्या आजारावरील मिल्टेफोसिन हे औषध इतर औषधांबरोबर वेळेवर मिळाले. पोहून आल्यानंतर काही दिवसांत ताप आणि तीव्र डोकेदुखी आली, तर ‘मुलगा पोहला होता’ हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर घालणे म्हणूनच महत्त्वाचे.

सूर मारण्यापुरताच हा धोका नाही. आपल्याकडे जलनेती करणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणारी दोन माणसे याच रोगाने दगावली. दोष नेतीचा नव्हे, पाण्याचा. खळखळून उकळून मग कोमट केलेले पाणीच नेतीला घ्यावे. अकँथअमीबा हा दुसरा मुक्तजीवी अमीबा डोळ्यांचा वैरी आहे. कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने धुतल्या, किंवा त्या घालून पोहले, तर तो बुबुळावरील पारदर्शक पडद्याला व्रण करतो. प्रसंगी दृष्टी जाते.

मग काय, मुलांनी पोहूच नये? असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. वैशाखात विहिरीत उड्या मारण्याचा आनंद फार मोठा आहे. फक्त साचलेल्या, उथळ, तापलेल्या पाण्यात बुडी घेऊ नये, तळाचा गाळ ढवळू नये, सूर मारताना नाक धरावे किंवा चिमटा लावावा. पोहण्याच्या तलावात क्लोरीन रोज मोजला जातो की नाही, हे विचारण्यास संकोचू नये.

घरात पाणी उकळणे आपल्या हाती असते. शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन टिकवणे एकट्या घराच्या हातचे नाही. ते नगरपालिकेचे काम आहे आणि ते करवून घेणे नागरिकांचे. आपल्या गल्लीतील शेवटच्या नळाला क्लोरीन किती उरतो, हा प्रश्न आपण आपल्या नगरसेवकाला कधी विचारला आहे काय?