लेसरच्या लहरीला स्फटिकाचे उत्तर

तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार उमटतो, हे आपणां रसिकांस ठाऊक आहेच. प्रकाशाचेही तसेच आहे. अतिप्रखर लेसर पदार्थावर टाकला, की त्याच्या कंपनसंख्येच्या अनेक पटींचा प्रकाश त्यातून निघतो. वायूंत हे १९८७च्या सुमारास दिसले; झिंक ऑक्साइडच्या स्फटिकात २०११ साली.

परंतु लहर कोणत्या दिशेने कंप पावते, म्हणजेच तिचे ध्रुवण कसे आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. वायूत सरळ रेषेतली लहर इलेक्ट्रॉनला अणूपासून ओढते आणि उलटताच परत त्यावरच आदळविते. त्या आघातातून नवा प्रकाश उपजतो. लहर वर्तुळाकार फिरू लागली, तर इलेक्ट्रॉनची अणूशी चुकामूक होते आणि प्रकाश मावळतो.

स्फटिकात मात्र अणू रांगेने उभे! आपला चुकला, तरी शेजारचा भेटतो. म्हणूनच मॅग्नेशियम ऑक्साइडवरील २०१७च्या प्रयोगात लंबवर्तुळाकार लहरीनेही हा प्रकाश मावळला नाही. शिवाय सरळ कंपनाची दिशा फिरविता तो कमीअधिक होई, आणि दर ९० अंशांनी तेच चित्र पुन्हा येई. कारण तेथील अणूंची मांडणीच चौरस आहे. दगडाच्या पोटातील रचना अशी प्रकाशच आपणांस सांगतो.